टफन, लॅमिनेटेड, बोरोसिलिकेट, सिरॅमिक : कुठे कोणती काच लावायची?

पश्चिममुखी (धागाकर्ता)

जुळे सोलापुरात खाली दुकान आणि बेकरी, वर घर असं बांधकाम शेवटच्या टप्प्यात आहे. काचेची कामं पाच आहेत.

१. दुकानाचा दर्शनी भाग, तोंड पश्चिमेला. ५ × ७ फुटांचे तीन तुकडे, गडद करडी टिंटेड काच, आत एसी.
२. जिन्यावर ४ × ६ फुटांचं काचेचं छत.
३. गच्चीचं रेलिंग.
४. बेकरी ओव्हनच्या दाराची काच. आतलं तापमान २५० अंशांपर्यंत, रोज आठ-दहा तास चालू.
५. घरात ग्लासटॉप शेगडी घ्यायची आहे.

काचवाला पहिल्या चारही कामांना "बारा एमएम टफन टाका, बिनधास्त" एवढंच म्हणतोय. उष्णता, आपटणं, डोक्यावर पडणं या सगळ्यांना एकच काच कशी चालेल, हे कुणी नीट सांगेल का?

कडापॉलिश

चालणार नाही. "मजबूत" आणि "उष्णतारोधक" हे दोन वेगळे गुण आहेत, आणि "फुटल्यावर काय होतं" हा तिसरा. टफनला पहिला गुण भरपूर मिळतो, दुसरा काही प्रमाणात. तिसऱ्याचं म्हणाल तर जागेवर अवलंबून.

काच दाबाने फुटत नाही, ताणाने फुटते, आणि तडा बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या किंवा कडेच्या बारीक ओरखड्यापासून सुरू होतो. टफन करताना काच ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे बाहेर कायमचा दाब आणि आत ताण अडकून राहतो. दाबाचा थर प्रत्येक बाजूला जाडीच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढा खोल असतो. बाहेरून आलेल्या ताणाला आधी हा दाब संपवावा लागतो, म्हणून साध्या काचेच्या चार-पाच पट ताकद मिळते.

हीच प्रक्रिया हळू गार करून केली की हीट स्ट्रेंदन्ड काच होते. अमेरिकन मानकात टफनचा पृष्ठभागी दाब किमान ६९ मेगापास्कल (दाब आणि ताण मोजायचं एकक) लागतो, हीट स्ट्रेंदन्डचा २४ ते ५२. ताकद साध्या काचेच्या दुप्पट. फुटली तर मोठे तुकडे होतात, पण ते चौकटीत अडकून राहतात. टफनचा मात्र चुरा होऊन सगळी काच खाली येते. युरोपीय मानकाप्रमाणे ४ ते १२ मिमी टफनच्या फुटलेल्या काचेत ५० × ५० मिमीच्या चौकोनात किमान ४० तुकडे मोजले गेले पाहिजेत.

एकाच काचेच्या दोन भागांत तापमानाचा किती फरक सोसेल, याचे ढोबळ आकडे: साधी ४० अंश, हीट स्ट्रेंदन्ड १००, टफन २००.

दुपारी_४४_अंश

दर्शनी भागाबद्दल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो हे खरं, पण काच हवेच्या तापमानाने तडकत नाही. मधला भाग तापलेला आणि कडा गार, या फरकाने तडकते. गडद टिंटेड काच ऊन शोषते. चौकटीत बसलेली दहा-पंधरा मिमी कड सावलीत राहते. संध्याकाळी चार वाजता तिरकं ऊन थेट काचेवर, आतून एसीचा झोत, वर निम्म्या काचेवर सेलचा पोस्टर चिकटवलेला. साध्या टिंटेड काचेत ४० अंशांचा फरक पडायला एवढं पुरतं.

उष्णतेचा तडा ओळखता येतो. तो कडेपासून सुरू होतो, पहिले एक-दोन सेंटीमीटर कडेला बरोबर काटकोनात जातो, मग वळण घेतो. दगड लागला असेल तर एका बिंदूपासून चहूकडे रेघा फुटतात.

तुमच्या मापाची १२ मिमी काच किती जड होईल तेही बघा. १ चौ. मीटरला प्रत्येक मिमी जाडीमागे अडीच किलो. ५ × ७ फूट म्हणजे सुमारे ३.२५ चौ. मी., म्हणजे एकेक तुकडा ९७ किलो. चारी बाजूंनी चौकट असताना एवढी जाडी कशाला? ८ मिमी टफन घ्या, ६५ किलोत काम होतं. १२ मिमी लागते ती बिनचौकटीच्या, पॅच फिटिंगवर (कोपऱ्यातल्या धातूच्या पकडींवर) लोंबणाऱ्या दाराला.

बसवताना खाली दोन सेटिंग ब्लॉक (काच टेकवायचे छोटे ठोकळे), रुंदीच्या एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश अंतरावर. काच चौकटीच्या धातूला कुठेही टेकू नये. पडदा लावणार असाल तर काच आणि पडद्यात निदान ५० मिमी मोकळी जागा, वर-खाली हवा जायला वाट. एसीचा झोत काचेकडे वळवू नका.

आणि एक फसगत सांभाळा. "सेफ्टी हवी ना, मग लॅमिनेटेड टिंटेड घ्या" असं कुणी म्हणेल. साध्या टिंटेड काचेचं लॅमिनेशन (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवणं) करून पश्चिमेला लावणं म्हणजे उष्णतेच्या तड्याला आमंत्रण. लॅमिनेटच हवं असेल तर आधी हीट स्ट्रेंदन्ड, मग लॅमिनेट.

नवीपेठकर

टफन काच काही न लागता आपोआप फुटते म्हणतात ते खरं का ओ? की बसवणाऱ्याने स्वतःची चूक झाकायला काढलेली पळवाट?

कडापॉलिश

दोन्ही. कारणं दोन आहेत.

पहिलं, निकेल सल्फाइडचा कण. काच बनताना तो आत राहून जातो, मिलिमीटरचा अंश एवढाच असतो. भट्टीत तापल्यावर त्याची स्फटिकरचना बदलते. झपाट्याने गार केल्यामुळे तो त्याच अवस्थेत अडकतो. पुढे महिन्यांनी-वर्षांनी मूळ अवस्थेत येताना दोन ते चार टक्के फुगतो. तो कण काचेच्या मधल्या, ताणाच्या पट्ट्यात असेल तर काच फुटते. काच जागेवर टिकून राहिली असेल तर जिथून सुरुवात झाली तिथे एकमेकांना चिकटलेले दोन मोठे तुकडे दिसतात, फुलपाखराच्या पंखांच्या आकाराचे.

यावर उपाय म्हणजे हीट सोक टेस्ट. टफन झालेली काच २६० ते २९० अंशांवर दोन तास धरतात. सदोष काच बहुतेक तिथेच फुटते. शंभर टक्के हमी नाही, पण धोका खूप कमी होतो. दर्शनी मोठ्या तुकड्यांना मागून घ्या, आणि बिलावर तसं लिहून घ्या.

दुसरं कारण जास्त वेळा आढळतं: कडेला उडालेला टवका. टेम्पोतून उतरवताना काच थेट फरशीवर टेकवली, किंवा स्क्रू काचेला घासला. टवका दाबाच्या थरात असेपर्यंत काच उभी राहते. उन्हाने आणि वाऱ्याने तो रोज थोडा आत जातो आणि एके रात्री ताणाच्या थराला पोचतो. लोक म्हणतात आपोआप फुटली.

गच्चीवर

छताला एकटी टफन कधीच नको. १२ मिमीची फुटली तरी तिचे सगळे तुकडे सुटे होत नाहीत, एकमेकांत अडकलेले ढेकळासारखे गठ्ठे डोक्यावर येतात. डोक्यावर काच म्हणजे लॅमिनेटेड, याला अपवाद नाही.

पण कशाचं लॅमिनेट? दोन्ही पापुद्रे टफन असतील आणि दोन्ही फुटले, तर आतल्या पीव्हीबीला (दोन काचा चिकटवणाऱ्या प्लास्टिकच्या थराला) कणखरपणा नसल्यामुळे अख्खं छत ओल्या चादरीसारखं लोंबतं आणि चौकटीतून निसटतं. हीट स्ट्रेंदन्डचे मोठे तुकडे एकमेकांना पेलून धरतात. म्हणून ६ मिमी + १.५२ मिमी पीव्हीबी + ६ मिमी, दोन्ही हीट स्ट्रेंदन्ड. वजन सुमारे ७० किलो पडेल, सांगाडा त्या हिशेबाने.

पीव्हीबी ०.३८ मिमीच्या पटीत येते: ०.३८, ०.७६, १.५२. काचवाला "लॅमिनेटेड" एवढंच म्हणाला तर ०.३८ देऊन मोकळा होतो. टफन किंवा हीट स्ट्रेंदन्ड काच भट्टीच्या रोलरवरून जाताना किंचित लहरी होते, ती लहर भरून काढायला ०.३८ पुरत नाही, कडेला बुडबुडे राहतात. निदान ०.७६, छताला १.५२.

लॅमिनेटचा शत्रू म्हणजे कडेला साचलेलं पाणी. कड ओली राहिली की पीव्हीबी पांढरी पडते आणि पापुद्रे सुटायला लागतात. उतार द्या, चौकटीच्या खाचेला पाणी जायला भोकं ठेवा. सिलिकॉन न्यूट्रलच हवं. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते आम्लयुक्त सिलिकॉन लॅमिनेटच्या कडेला आणि आरशाच्या पाठीला लावू नये.

रेलिंगला उलट. तिथे माणूस टेकतो, म्हणून ताकद हवीच आणि फुटल्यावर जागेवर राहणंही हवं. ६ + १.५२ + ६, दोन्ही टफन, खालून सलग चॅनेलमध्ये, वर स्टीलचा सलग हातधरा. दोन्ही पापुद्रे एकदम फुटले तरी हातधरा राहतो. हातधरा नको असेल तर पीव्हीबीऐवजी आयनोप्लास्टचा थर, तो बराच कडक असतो. महागही.

भट्टीसमोर

आता ओव्हन. इथे टफनचा हिशेब बदलतो.

साध्या, म्हणजे खिडकीच्या सोडा-लाइम काचेचं प्रसरण १ मीटरला १०० अंशांमागे ०.९ मिमी. बोरोसिलिकेटचं, म्हणजे बोरॉन मिसळलेल्या काचेचं, ०.३३. खिडकीच्या काचेत तापमानातल्या दर एका अंशाच्या फरकाला साधारण ०.८ मेगापास्कल ताण तयार होतो, बोरोसिलिकेटमध्ये एक तृतीयांश. टफन केल्याने हा ताण कमी होत नाही, फक्त सोसायची ताकद वाढते. बोरोसिलिकेटमध्ये ताणच कमी तयार होतो. १८८० च्या दशकात जर्मनीत येना इथे ऑटो शॉट यांनी ही काच विकसित केली, ती प्रयोगशाळा आणि दिव्यांच्या चिमण्यांसाठी. स्वयंपाकाची भांडी १९१५ मध्ये अमेरिकेत आली.

टफन सतत २५० अंशांच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे अडकवलेला दाब हळूहळू सैल होतो, काच दिसायला तीच राहते पण टफन राहत नाही. घरगुती ओव्हनला आतली टफन काच चालते, कारण तो तासभर चालतो. तुमचा दिवसभर चालणार, तोही २५० वर. आतली काच बोरोसिलिकेट, बाहेरची टफन, मध्ये हवेची पोकळी.

बसवायची पद्धत महत्त्वाची आहे. ४५० मिमी रुंद काच धरू. २५० अंशांना बोरोसिलिकेट फक्त ०.३ मिमीच्या आसपास वाढते, लोखंडी चौकट १.२ मिमी. म्हणजे गरम असताना काच सैल होते. बेकरीत कामगार खडखड ऐकून गरम दाराचे स्क्रू आवळतो, रात्री चौकट आकसते आणि सकाळी काच तडकलेली. स्क्रू गार असतानाच, तेही हाताने बसतील इतपतच. चारी बाजूंना दीड-दोन मिमी मोकळं सोडा. पॅकिंगला काचतंतूची दोरी किंवा सिरॅमिक फायबरची पट्टी, रबर अजिबात नको. आणि गरम काचेवर ओलं फडकं नको.

खाऊगल्ली

बोरोसिलिकेट म्हणजे न फुटणारी ना? दुकानात तसंच सांगतात.

भट्टीसमोर

उष्णतेपुरती. हातातून पडली तर साध्या काचेसारखीच फुटते, लांब धारदार तुकडे होतात. पडण्याच्या बाबतीत टफन सोडा-लाइमची बेकिंग डिश सरस. ओपलची पांढरी ताटं याच जातीची, टफन केलेली. फ्रीजमधून काढून थेट ओव्हनमध्ये जायचं असेल तर बोरोसिलिकेट.

जाडीबद्दलही गैरसमज असतो. उष्णतेच्या धक्क्याला पातळ काच बरी, जाड नाही. जाड बुडाचा चहाचा ग्लास उकळत्या चहाने पिचतो, कारण आतला पृष्ठभाग तापून फुगतो तेव्हा बाहेरचा अजून गारच असतो. प्रयोगशाळेतला पातळ बीकर टिकतो.

पश्चिममुखी

"बोरोसिलिकेट" म्हणून साधी काच गळ्यात मारली तर ओळखायची कशी?

रसायनवाला

घरच्या घरी दोन चाचण्या.

तेलाची: काचेचा तुकडा किंवा कड सूर्यफूल अथवा करडईच्या तेलात बुडवा. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) १.४७ च्या थोडा वर, या तेलांचाही तितकाच. काच जवळजवळ दिसेनाशी होते. सोडा-लाइमचा १.५२, त्याची कड तेलात स्पष्ट दिसते. आपल्याकडे करडईचं तेल मिळायला अडचण नाही.

वजनाची: काच हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोला. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक. २.२३ आलं तर बोरोसिलिकेट, २.५ आलं तर सोडा-लाइम. अर्ध्या किलोच्या तुकड्याला साधा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

टफन ओळखायला पोलरॉइड चष्मा घालून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर काच धरा. चष्मा फिरवला की टफनमध्ये काळसर ठिपके किंवा पट्टे दिसतात, हवेच्या झोतांच्या जागा. कोपऱ्यात आयएसआयचा कायमचा शिक्का आणि आयएस २५५३ हा क्रमांकही बघा. शिक्क्याचं स्टिकर असेल तर ते पुरावा नव्हे.

रंगहौद

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या प्रोसेसवाल्यांसाठी थोडं अवांतर. बॉयलरची गेज ग्लास (आतल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी) बोरोसिलिकेटचीच असते, तरी ती झिजते. बॉयलरचं पाणी अल्कलीयुक्त असतं आणि गरम अल्कली काच विरघळवते. पाण्याच्या पातळीजवळ आतून धुरकट चरा दिसला की नळी बदला, फुटायची वाट बघू नका. वाफेचा दाब जास्त असेल तिथे सपाट पारदर्शक गेज आणि काचेच्या आतल्या बाजूला अभ्रकाची पट्टी.

नवी नळी बसवताना वरच्या टोकाला थोडी जागा मोकळी सोडा, धातूला टेकली की तापल्यावर वाढायला वाव राहत नाही. ड्रेन उघडा, वाफेचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून नळी तापू द्या, मग ड्रेन बंद, मग पाणी आणि वाफ दोन्ही पूर्ण. एकदम उघडलं तर नवी नळी पहिल्याच मिनिटाला जाते. संरक्षक जाळी किंवा काच काढून ठेवू नका.

डाय बाथच्या (रंगाच्या हौदाच्या) गोल साइट ग्लासला, म्हणजे आत बघायच्या काचेला, मागणी देताना डीआयएन ७०८० हा जर्मन मानकाचा क्रमांक लिहा. ती बोरोसिलिकेट, २८० अंशांपर्यंत. डीआयएन ८९०२ ची सोडा-लाइम, १५० पर्यंतच. दिसायला दोन्ही सारख्या.

दुपारी_४४_अंश

अवांतरात आणखी एक. सोलर हीटरच्या काचनळ्याही बोरोसिलिकेटच्या. टाकी रिकामी राहून दुपारी कोरड्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडलं की फुटतेच. कोरड्या नळीचं तापमान २०० च्या पुढे गेलेलं असतं. पाणी दोन-चार दिवसांआड येणाऱ्या भागात हे वारंवार घडतं. टाकी भरायची ती पहाटे किंवा ऊन गेल्यावर. नाहीतर नळ्यांवर जाड कापड टाकून निदान दोन तास थांबा.

चूलबंद

शेगडीचं राहिलं. इंडक्शनचा पृष्ठभाग आणि गॅसचा ग्लासटॉप या दोन वेगळ्या काचा आहेत.

इंडक्शनची ग्लास सिरॅमिक. लिथियम-अॅल्युमिनोसिलिकेट काचेत सूक्ष्म स्फटिक वाढवलेले असतात. ते तापल्यावर आकसतात, काच फुगते, बेरीज शून्याच्या जवळ. लालबुंद असताना गार पाणी सांडलं तरी चालतं. जड कुकरचा कोपरा आपटला तर मात्र फुटते. साखरेचा पाक सांडला तर गरम असतानाच खरवडून काढा, गार झाल्यावर तो पृष्ठभागाचे टवके घेऊन निघतो.

गॅसच्या शेगडीवरची बहुतेक वेळा टफन सोडा-लाइम. ती फुटायची नेहमीची कारणं: बर्नरपेक्षा बरंच मोठं भांडं ठेवल्यामुळे ज्वाळा खाली काचेकडे वळतात, बर्नरच्या भोकाची कड टवका उडालेली असते, काचेखालचं रबर निघून ती पत्र्यावर टेकते. आपल्याकडे कडक भाकरीचा रुंद तवा तासन् तास मंद आचेवर असतो. तव्याची उष्णता खाली परावर्तित होते, तिथे काचेच्या मधल्या भागाला बर्नरइतकाच त्रास होतो. ज्या घरात रोज दहा-वीस भाकऱ्या होतात तिथे मी स्टीलच्या पत्र्याची शेगडीच घ्यायला सांगेन. ग्लासटॉप पुसायला सोपा, एवढाच त्याचा फायदा.

नवीपेठकर

आणि मोबाइलला लावतात ते "टेम्पर्ड"?

रसायनवाला

०.३३ मिमी काच हवेच्या झोताने टफन होऊच शकत नाही, आत-बाहेर तापमानाचा फरकच पडत नाही. ती पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या, ४०० अंशांच्या आसपासच्या क्षारात काही तास बुडवतात. काचेतला छोटा सोडियम आयन बाहेर, मोठा पोटॅशियम आत, पृष्ठभागावर दाटी आणि दाब. दाब टफनच्या कितीतरी पट, पण थर फक्त काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन खोल. बांधकामात ही काच एकटी सुरक्षा काच म्हणून धरत नाहीत, कारण फुटल्यावर धारदार तुकडे होतात.

पश्चिममुखी

ऑर्डर अशी लिहितोय: दर्शनी ८ मिमी टफन, हीट सोक केलेली. छत ६ + १.५२ + ६ हीट स्ट्रेंदन्ड. रेलिंग तेच पण टफन. ओव्हनला आत बोरोसिलिकेट. दर्शनी भागाच्या एका तुकड्यात ९ इंची एक्झॉस्ट फॅन नंतर बसवायचा आहे. भोक जागेवर पाडून मिळेल ना?

कडापॉलिश

नाही. टफन झाल्यावर कापणं, भोक, कड घासणं, काहीच नाही. दाबाचा थर भेदला की अख्खी काच चुरा होते. सगळी भोकं भट्टीत जाण्याआधी. हँडलच्या भोकांचा नियम: व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, भोकाच्या कडेपासून काचेची कड किमान जाडीच्या दुप्पट, कोपरा सहापट. म्हणजे ८ मिमीला १६ आणि ४८ मिमी. चौकोनी खाचेचे आतले कोपरे गोल हवेत, त्रिज्या निदान जाडीएवढी.

पण ९ इंची फॅन काचेतच बसवू नका. त्याचा थरथराट कडेवर जातो. त्या तुकड्याची उंची वरून ३०० मिमी कमी करा, मध्ये आडवा अॅल्युमिनियमचा दांडा टाका आणि वरच्या पट्टीत काचेऐवजी पत्रा लावून फॅन त्यात बसवा. माप चौकट उभी राहिल्यावर, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्ण घेऊन द्या. सगळ्यात कमी आलेल्या मापातून रुंदी-उंचीला प्रत्येकी ६ मिमी वजा करून काच सांगा. टफन आल्यावर दोन मिमी जास्त निघाली तर घासून बसवता येत नाही, नवीच करावी लागते.